सुरमई की वाहू? नवीन गरवणाऱ्यांसाठी दोन्ही मासे ओळखायची आणि पकडायची पद्धत

खाऱ्या पाण्यात रॉड-रील घेऊन गरवायला लागलं की थोड्याच दिवसात दोन नावं सतत कानावर पडतात, सुरमई आणि वाहू. दोघंही लांबलचक, दोघांच्या अंगावर उभे पट्टे, दोघांचे दात धारदार, आणि दोघंही एका झटक्यात रीलवरची शंभर मीटर लाइन घेऊन पळणारे. मग नवीन माणूस काय करतो, दोघांसाठी एकच सेटअप बांधतो, एकाच स्पीडने बोट फिरवतो, आणि दिवसाच्या शेवटी ना धड सुरमई मिळते ना वाहू.

माझं यावर अगदी सरळ मत आहे. दिसायला हे सारखे असले तरी सुरमई ही जागेवर शोधायची असते आणि वाहू अंतर कापत शोधायचा असतो. एवढी एक गोष्ट पक्की झाली की लाइन कुठली, वायर कुठली, स्पीड किती, आमिष जिवंत की प्लास्टिकचं, ही सगळी उत्तरं आपोआप त्यातून निघतात. खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने लिहिलंय, म्हणजे आधी ओळख, मग पाणी, मग सामान आणि स्पीड, मग मासा लागल्यावर काय करायचं ते.

पायरी १ : आपण नक्की कुठल्या माशांबद्दल बोलतोय

सुरमई नावाखाली बरेच मासे खपतात, त्यामुळे आधी सांगतो, इथे सुरमई म्हणजे स्कॉम्बेरोमोरस कॉमर्सन, इंग्रजीत जिला नॅरो-बार्ड स्पॅनिश मॅकरेल म्हणतात ती. लाल समुद्र आणि दक्षिण आफ्रिकेपासून ते आग्नेय आशिया, जपान, ऑस्ट्रेलियापर्यंत ती सापडते, आणि सुएझ कालव्यातून ती भूमध्य समुद्रातही शिरलीये. वाहू म्हणजे अकँथोसिबियम सोलँड्री, हा जगातल्या जवळपास सगळ्या उष्ण समुद्रांत आहे, अटलांटिक, पॅसिफिक, हिंदी महासागर, कुठेही. दोघंही बांगडा आणि ट्युनाच्याच घराण्यातले.

साइजचा अंदाज यावा म्हणून रेकॉर्ड सांगतो. आयजीएफए, म्हणजे आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशन, त्यांच्या यादीतली रॉड-रीलवरची सगळ्यात मोठी सुरमई ४४.९ किलोची आहे, १९८२ साली दक्षिण आफ्रिकेत स्कॉटबर्गला पकडलेली. वाहूचा रेकॉर्ड ८३.४६ किलो, २००५, मेक्सिकोतलं काबो सान लुकास. जवळजवळ दुप्पट. पण या आकड्यांवरून रोजच्या माशाचा अंदाज बांधू नका, नेहमी लागणारे मासे दोन्हीकडे ५ ते २० किलोच्या आसपासचे असतात आणि तेवढा मासासुद्धा नवीन माणसाचा घाम काढायला पुरेसा आहे.

पायरी २ : पट्टे सोडा, डोकं बघा

ही पायरी मी सगळ्यात सविस्तर लिहितोय कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, आणि गोंधळ झाला की साइज लिमिट (किमान लांबी), बॅग लिमिट (किती मासे ठेवता येतात) सगळंच चुकतं, कारण बऱ्याच ठिकाणी दोघांचे नियम वेगवेगळे असतात.

लोक ओळखायला पट्टे बघतात. जिवंत मासा पाण्यात असताना ते ठीक आहे, चिडलेल्या वाहूच्या अंगावर गडद निळे पट्टे असे उजळतात की पाण्यातूनच कळतं काय लागलंय. पण तो मेला की काही मिनिटांत रंग उतरायला लागतो आणि बर्फातून काढलेला वाहू कधीकधी नुसता करडा दिसतो. सुरमईचे पट्टे मेल्यावरही बऱ्यापैकी टिकतात, पण लहान सुरमईत ते कमी असतात, काही ठिकाणी तुटक, अगदी ठिपक्यांसारखे. म्हणजे ओळखायचा नेमका जो क्षण, मासा बोटीवर आल्यानंतरचा, त्याच वेळी पट्टे दगा देतात.

त्याऐवजी हे बघा.

सगळ्यात आधी वरचा जबडा. तोंड बंद करून बाजूने बघायचं. सुरमईत वरच्या जबड्याचं हाड उघडं दिसतं आणि त्याचं मागचं टोक डोळ्याच्या मागच्या कडेखाली येतं. वाहूत ते टोक दिसतच नाही, ते डोळ्यासमोरच्या हाडाखाली झाकलेलं असतं. ही खूण मेलेल्या माशात, रंग गेलेल्या माशात, अगदी नुसतं डोकं उरलं असलं तरी चालते, म्हणून मी हीच पहिली सांगतो.

मग थोबाड. वाहूचं तोंड चोचीसारखं लांब असतं, डोळ्यापुढचा भाग जवळपास अर्ध्या डोक्याएवढा. सुरमईचं डोकं त्या मानाने आखूड.

पाठीवरचा पहिला पर उभा करून बघा. वाहूत तो लांब, बुटका आणि सगळीकडे साधारण एकाच उंचीचा, २३ ते २७ काटे. सुरमईत १५ ते १८ काटे आणि मागे जाता जाता उतरत गेलेला. काटे मोजायला मिनिटभर लागतं, शंका असली तर मोजाच.

अंगावरून जी बारीक रेष जाते, लॅटरल लाइन, ती कुठे खाली वळते ते पण बघण्यासारखं आहे. वाहूत ती पहिल्या पराखालीच एकदम खाली उतरते, म्हणजे अंगाच्या पुढच्या निम्म्यातच. सुरमईत ती बरीच मागे, दुसऱ्या पराच्या शेवटाखाली झपकन खाली येते. उजेडात मासा थोडा तिरका धरला की बोटानेसुद्धा ती रेष पकडता येते.

एवढ्यावरही शंका उरली तर कल्ला उचला. आत लाल झालरीच्या विरुद्ध बाजूला कमानीवर जे छोटे दाते असतात ते वाहूत अजिबात नसतात. सुरमईत थोडेसे असतात. बोट आत घालताना मात्र कल्ल्यातून घाला, तोंडातून नाही, ते दात मेलेल्या माशाचे असले तरी तेवढेच कापतात.

शेपूट वगैरे पण सांगतात लोक, सुरमईची खोल कोयत्यासारखी आणि वाहूची मागून जवळपास सरळ उभी. बरोबर आहे ते, पण दोन्ही मासे शेजारी शेजारी असतील तरच नवीन माणसाला फरक जाणवतो.

अटलांटिकमध्ये गरवत असाल तर तिथे ही सुरमई नाही, तिची चुलत बहीण किंग मॅकरेल आहे, मोठ्या माशाच्या अंगावर पट्टे नसतात. जबड्याची आणि लॅटरल लाइनची खूण तिथेही तशीच लागू पडते.

पायरी ३ : पाणी ठरवा

आता खरा मुद्दा. सकाळी बोट काढायच्या आधी ठरवायचं की आज कोण, आणि ते पाण्यावरून ठरतं, आपल्या इच्छेवरून नाही.

सुरमई किनाऱ्याच्या बाजूचा मासा. खडकांची रांग, प्रवाळाची कडा, समुद्रात घुसलेलं भूशिर, बेटाचं टोक, जिथे भरती-ओहोटीचं पाणी येऊन आपटतं आणि छोट्या माशांचे थवे अडकून राहतात अशा जागा. साधारण १० ते ७० मीटर खोली. थोडं गढूळ पाणी ती चालवून घेते. जागा एकदा सापडली की ती त्याच जागेवर परत परत भेटते, म्हणून जीपीएसवर पॉइंट मार्क करायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, आणि सोबत पाणी भरतीचं होतं का ओहोटीचं आणि वेळ काय होती तेही लिहून ठेवा कारण तोच पॉइंट उलट्या पाण्यात अगदी रिकामा निघू शकतो. पहाटेचा उजेड फुटतानाचा तास सोडू नका.

वाहू उघड्या समुद्रातला. निळं स्वच्छ पाणी, उथळ भाग संपून जिथे तळ एकदम खोल जातो ती कडा, समुद्राच्या तळातून वर आलेले डोंगर, दोन प्रवाह एकमेकांना भिडतात तिथली रेष, वाहत आलेला ओंडका, शेवाळाची पट्टी, मासे जमावेत म्हणून मुद्दाम सोडलेले तराफे. पाण्याच्या तापमानात अर्धा-एक डिग्रीचा फरक दिसला तरी त्या रेषेवरून फिरा. बहुतेक वेळा वाहू एकटा किंवा दोन-चार-सहाच्या टोळीत असतो आणि ती टोळी मैलोनमैल पसरलेल्या कडेवर कुठेही असू शकते.

ओंडका दिसला की लोक सरळ त्याच्या अंगावर बोट घालतात, ते करू नका. आधी २०-३० मीटर लांबून, ल्यूर, म्हणजे मागे ओढलेली नकली आमिषं, त्याच्या शेजारून जातील असं एक वळण घ्यायचं. वाहू असला तर बहुतेक पहिल्या-दुसऱ्या फेरीतच उत्तर देतो.

आता हे दोन्ही परिच्छेद शेजारी ठेवून बघा. एक मासा ठराविक जागेवर थांबून खातोय, दुसरा पसरलेल्या पाण्यात फिरतोय. सामान आणि स्पीड दोन्हीत जो फरक पुढे येतो तो सगळा याच्यामुळेच.

(पौर्णिमेच्या आसपास वाहू जास्त लागतो असं मानणारे खूप जण आहेत. मी सुट्टीचा दिवस चंद्र बघून ठरवत नाही, हवा आणि लाटा बघून ठरवतो, नवीन लोकांनी तर तसंच करावं.)

पायरी ४ : वायर. दोघांनाही लागते

इथे दोघांत एकमत आहे. दोघांचेही दात चपटे, त्रिकोणी, एकाला एक लागून असलेले, आणि साधी नायलॉन किंवा फ्लुरोकार्बन (पाण्यात कमी दिसणारी) लीडर, म्हणजे लाइनचा हुकाकडचा शेवटचा तुकडा, ते कापतातच. फ्लुरोकार्बनवर चावे जास्त येतात हे खरं आहे, पण मासा हुक आणि ल्यूर घेऊन निघून जातो, आणि तोंडात तिहेरी हुक अडकलेला मासा समुद्रात सोडून देणं मला पटत नाही. वायर लावा.

सुरमईसाठी सिंगल-स्ट्रँड (एकाच तारेची) स्टील वायर, ७ नंबर पुरते, तिची ताकद साधारण ७० पाउंड. पाणी फार स्वच्छ असेल तर अजून बारीक. लांबी अर्धा मीटर ठीक. वाहूसाठी हळू ट्रोलिंग, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढणं, करत असाल तर ९ नंबर, म्हणजे १०५ पाउंडच्या आसपास, आणि हाय-स्पीड ट्रोलिंगला सिंगल वायर नकोच, तिथे ४९ तारांची लवचिक केबल, ४०० पाउंडच्या पुढेमागे.

सिंगल वायरला गाठ बसत नाही, तिला हेवायर ट्विस्ट द्यावा लागतो, आणि हा घरी बसून हात बसेपर्यंत करून बघायचा प्रकार आहे, हलत्या बोटीवर शिकायचा नाही. हुकच्या डोळ्यातून वायर घालून वळवायची, मग दोन्ही तारा एकमेकींभोवती सारख्या फिरल्या पाहिजेत, इंग्रजी एक्स अक्षर दिसेल अशा, चार-पाच पीळ. एक तार सरळ राहिली आणि दुसरी तिच्याभोवती गुंडाळली गेली तर तो पीळ लोडखाली सरकतो, हेच सगळ्यात जास्त लोकांचं होतं. त्यानंतर टोकाची तार काटकोनात वळवून मूळ तारेभोवती चिकटून चिकटून पाच-सहा वेढे. आणि शेवट पक्कडीने कापायचा नाही. कापला की बारीक टोक उरतं आणि लीडर हातात धरताना तेच तळहात फाडतं. टोकाला एक छोटासा हँडलसारखा बाक द्यायचा आणि तो मागेपुढे हलवायचा, तार वेढ्याला चिकटून स्वच्छ तुटते, बोट फिरवलं तर काहीच लागत नाही.

वायरला एकदा जरी तीव्र वळी पडली तरी ती फेकायची. सरळ करून वापरलेली वायर त्याच जागी तुटते.

स्विव्हल, म्हणजे लाइन आणि वायर जोडणारी फिरती कडी, काळे आणि लहान घ्या. चकचकीत स्विव्हल चमकतो, पाण्यात ओढताना त्याच्या मागे बुडबुड्यांची शेपूट तयार होते आणि हे मासे त्यालाच चावतात, मग वायरच्या वरची लाइन कापली जाते आणि आपण म्हणत बसतो की वायर असूनही कसं कापलं. लाइनवर शेवाळाचा तुकडा अडकला तरी तेच होतं, सारखं बघत राहायचं.

पायरी ५ : सुरमईसाठी हळू

सुरमई तुमच्या जागेवर आहे, तिला वेळ द्या. जिवंत किंवा ताजं आमिष, बांगडा, तारली, बोय असलं काहीतरी, २ ते ४ नॉटने (१ नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर) ओढायचं, म्हणजे बोट जेमतेम चालतीये असं वाटलं पाहिजे. खोल डुबणारे प्लास्टिकचे ल्यूर असतील तर ५ ते ७ नॉट.

आमिष लावताना एक हुक नाकात आणि त्याच्या मागे वायरच्या छोट्या तुकड्यावर दुसरा, बहुतेक वेळा तिहेरी हुक, शेपटाकडे. हा मागचा हुक का लागतो ते एकदा आमिष परत आल्यावर कळेल. सुरमई अख्खं आमिष गिळत नाही, आधी शेपूट कापते. ते कापलेलं आमिष हातात घेऊन बघा, सुरीने आडवं कापल्यासारखी सरळ कड असते, चिंध्या नाहीत, चुरगळलेलं नाही. ही कड दिसली की समजायचं खाली सुरमई आहे. आणि रॉडला टकटक होऊन थांबलं तर लगेच गुंडाळून घेऊ नका, लाइन थोडी सैल सोडा, अर्धं आमिष तसंच बुडू द्या, उरलेला तुकडा घ्यायला ती वळून येते बऱ्याचदा.

ड्रॅग, म्हणजे लाइन बाहेर पळताना रीलचा लागणारा ब्रेक, हलका ठेवायचा. लाइनच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास, आणि तो हाताने ओढून अंदाजाने नाही तर स्प्रिंगच्या वजनकाट्यावर मोजून. लहान तिहेरी हुकाची पकड उथळ असते, जास्त ड्रॅग लावला तर पहिल्याच पळीत हुक मांस फाडून निघतो.

२० ते ३० पाउंड ताकदीच्या लाइनचं सामान पुरतं. आणि बोट नसेल तरी बिघडत नाही, खोल पाण्याला लागून असलेल्या खडकांवरून जड धातूचा ल्यूर लांब फेकून जोरात गुंडाळत आणला तरी सुरमई लागते. कयाकवरूनही लोक व्यवस्थित पकडतात. वाहूला ही सोय क्वचितच मिळते.

पायरी ६ : वाहूसाठी जोरात

नवीन लोकांचा यावर विश्वासच बसत नाही. वाहूसाठी हाय-स्पीड ट्रोलिंग १२ ते १६ नॉटने करतात, काही जण त्याहूनही जास्त. इतक्या वेगात मासा ल्यूर कसा पकडेल असं वाटतं ना, तर १९६४ साली शास्त्रज्ञांनी हुक लागलेला वाहू लाइन किती वेगाने ओढतो ते मोजलं होतं आणि छोट्या झेपेसाठी आकडा आला ताशी ७७ किलोमीटरच्या आसपास. नंतरच्या अभ्यासकांना तो आकडा जरा जास्तच वाटतो, पण अगदी निम्मा धरला तरी १४ नॉट म्हणजे ताशी फक्त २६ किलोमीटर. त्याच्यासाठी काहीच नाही.

पण जोरात जायचं खरं कारण माशाचा वेग नाहीये, खरं कारण अंतर आहे. ६ नॉटने तासाला ११ किलोमीटर कडा तपासली जाते, १४ नॉटने २६. मासा पसरलेला असेल तर जो जास्त पाणी बघेल त्याला जास्त संधी, इतकं साधं. हीच युक्ती सुरमईच्या खडकावर वापरली तर तुम्ही चांगल्या जागेवरून नुसते निघून जाता.

या स्पीडला साधा ल्यूर पाण्याबाहेर उड्या मारतो. म्हणून ल्यूरच्या पुढे अर्धा ते सव्वा किलोचं लांबट शिसं लावतात, शिसं आणि ल्यूर यांच्यामध्ये ६ ते ९ मीटर जाड नायलॉनची लीडर, ती झटका सोसते. ल्यूरचं डोकं जड, गोळीच्या आकाराचं. ५० ते ८० पाउंडचं सामान, कारण नुसतं ते शिसं ओढायलाच रॉडवर भरपूर ताण येतो. ड्रॅग इतपत की बोट चालू असताना लाइन सरकू नये, त्याहून फार घट्ट नाही, वाहूचा पहिला दणका भयंकर असतो.

सुरुवातीला दोनच रॉड टाका. एक जवळ आणि जड शिशाचा, दुसरा लांब आणि हलक्याचा. चार-पाच लाइन टाकून पहिल्याच वळणावर गुंता करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. वळणं मोठी घ्या, आतल्या बाजूचा ल्यूर वळताना मंदावून खाली जातो आणि बरेच वाहू तिथेच लागतात.

तुमच्या बोटीला एवढा स्पीड झेपत नसेल, किंवा लाटा जास्त असतील, तर ७-८ नॉटने खोल डुबणारे ल्यूर ओढा. त्यावरही वाहू येतो. लाटांत जबरदस्तीने १४ नॉट धरून कोणाची कंबर मोडायची गरज नाही.

पायरी ७ : मासा लागल्यावर

सुरमई लागली, रॉड वाकला, लाइन पळायला लागली की काहीच करू नका. पहिली पळ सगळ्यात लांब असते, ती पूर्ण होऊ द्या, बोट न्यूट्रलला घ्या, मग गुंडाळायला सुरुवात. ती बोटीजवळ आल्यावर परत एक-दोनदा पळते, तेव्हा ड्रॅग वाढवलेला असला तर तिथेच सुटते.

वाहूचं उलटं, बोट थांबवायची नाही. थ्रॉटल एकदम बंद केला की शिशाचं वजन खाली लटकतं, लाइन सैल पडते आणि डोकं झटकत असलेला वाहू हुक भिरकावून देतो. काही सेकंद त्याच वेगाने जाऊ द्या, दुसऱ्या रॉडवरही टोळीतला दुसरा येऊ शकतो, मग हळूहळू ४-५ नॉटवर या आणि मासा जवळ येईपर्यंत बोट पुढे सरकती ठेवा. रॉड वरखाली पंप करू नका, रॉड एका जागी ठेवून नुसतं गुंडाळा. मधेच लाइन एकदम हलकी झाली तर मासा गेला असं समजून थांबू नका, वाहू सरळ बोटीकडे पळत येतो अशा वेळी, जीव खाऊन गुंडाळा.

शिसं रॉडच्या टोकाशी आलं की पुढची लीडर हाताने ओढावी लागते. ग्लोव्ह घाला, आणि लीडर हाताला गुंडाळू नका, नुसती मुठीत धरा म्हणजे मासा पळाला तर सोडता येते. ज्याच्या हातात रॉड आहे त्याने या वेळी रॉड ताणून धरायचा नाही, कारण हुक सुटला तर शिसं आणि ल्यूर थेट बोटीतल्या माणसांच्या दिशेने येतात.

ठेवायचा मासा असेल तर गॅफ (लांब दांड्याचा आकडा) डोक्याच्या मागे, खांद्यात, आणि सरळ आइसबॉक्समध्ये. डेकवर मोकळा सोडलेला वाहू तोंड आपटत फिरतो आणि पोटरी कापायला त्याला एक सेकंद पुरतो. हुक नंतर काढा, लांब पक्कडीने, मासा पूर्ण शांत झाल्यावर.

सोडायचा असेल तर बोटीत घेऊच नका. हे मासे पोहत राहूनच श्वास घेतात, तोंड उघडं ठेवून पाणी कल्ल्यातून जाऊ देतात, त्यामुळे डेकवर फोटो काढण्यात गेलेलं प्रत्येक मिनिट महागात पडतं. पाण्यातच हुक सोडवा किंवा हुकाच्या जवळ वायर कापा आणि डोकं खाली करून जोरात पुढे ढकला. सुरमईच्या बाबतीत याकडे जास्त लक्ष द्या असं मी म्हणेन. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ती संकटाच्या जवळ पोचलेल्या गटात आहे, वाहूची तितकी काळजी नाही. सुरमई अंडी घालायला ठराविक जागांवर मोठ्या संख्येने जमते, अशी जागा कळली तर तिथून भरून आणायचं नाही. किमान लांबी आणि किती मासे ठेवता येतात ते तुमच्या पाण्यातल्या नियमांत आधीच बघून ठेवा, बोटीवर मोजपट्टी चिकटवा.

मग पहिल्यांदा कोण?

मला विचाराल तर सुरमई. कमी सामानात होतं, किनाऱ्याजवळ होतं, आणि वायर बांधणं, ड्रॅग सेट करणं, पळणाऱ्या माशाला पळू देणं हे सगळं तिच्यावरच शिकून होतं. हात बसल्यावर, आणि बाहेरच्या निळ्या पाण्यात जायला सोबत अनुभवी माणूस, रेडिओ, लाइफ जॅकेट आणि परतीचं पुरेसं इंधन हे सगळं असेल तेव्हा वाहू. उलट क्रमाने गेलात तर दिवसभर इंजिनचा आवाज ऐकत रिकामं फिरून येण्याची तयारी ठेवा, आणि बरेच जण तिथेच हा छंद सोडतात म्हणून वाईट वाटतं.

पायरी ८ : खाण्यासाठी ठेवला असेल तर

गरम पाण्यातला, जोरात लढलेला मासा आहे, पटकन बिघडतो. कल्ल्याजवळ कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फ अधिक समुद्राचं पाणी अशा लगद्यात पूर्ण बुडवा, वरून बर्फाचे चार तुकडे टाकून भागत नाही. बांगड्याच्या घराण्यातले सगळे मासे उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, ते शिजवून जात नाही, फ्रीजरमध्ये ठेवूनही जात नाही, आणि बऱ्याचदा वासावरूनही कळत नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर गांधी, हे त्याचेच प्रकार.

दुसरा धोका सिग्वाटेरा. प्रवाळाच्या भागात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांचं विष छोट्या माशांतून मोठ्या माशांत साठत जातं. प्रवाळाच्या कडेला राहणारी मोठी सुरमई त्यात सापडू शकते, उघड्या समुद्रातल्या वाहूत ही भीती कमी असते. चव नाही, वास नाही, उकळून काही होत नाही, आणि झालं तर थंड वस्तू हाताला भाजल्यासारखी लागते, तोंडाभोवती मुंग्या येतात. ज्या भागात सिग्वाटेरा होतो तिथे मोठी सुरमई सोडून द्यायची आणि मध्यम साइजची ठेवायची, कुठला भाग धोक्याचा ते तिथल्या जुन्या मच्छीमारांना आणि मत्स्य खात्याला माहीत असतं.

वाहूचं पोट उघडलं की आत बोटाएवढा जाड, तपकिरी, आक्रसणारा जंत दिसेल, बहुतेक वेळा जोडीने. हिरुडिनेला त्याचं नाव, वाहूच्या पोटात तो जवळपास ठरलेलाच असतो. माणसाला त्याचा त्रास नाही आणि तो मांसात शिरत नाही, पोटासकट काढून टाका आणि बाकीचा मासा बिनधास्त वापरा.